पोटरीचं माप

"माझ्या गळ्यात टेप आहे तोवर मला या टेबलावरून उठवणारा अजून जन्माला यायचाय!"

टेलरमास्तर हे बोलले तेव्हा त्यांच्या एका हातात उकडलेलं अंडं होतं आणि दुसऱ्या हातात चमचा. त्यामुळे वाक्याला जो मर्दानी झोक यायला हवा होता तो आला नाही. पण आवाज असा निघाला की शेजारच्या टेबलावरच्या दोन आज्या दचकल्या आणि एकीचं दही झग्यावर सांडलं.

ही सगळी गंमत ज्या जागी चालली होती तिचं नाव सरकारी ज्येष्ठ पोषण केंद्र. पूर्वी तिथे वाचनालय होतं. पुस्तकं गेली, कपाटं उरली. एका कपाटावर 'शांतता राखा' अशी पाटी अजून आहे आणि तिच्या बरोबर खाली बसून रोज दुपारी तीसेक म्हातारी माणसं असा कल्ला करतात की बाजारातली कुत्रीसुद्धा आत यायला कचरतात. आधी आहारताईचा वर्ग, मग जेवण. क्रम असा लावण्यामागे सरकारची अक्कल होती. उलटा लावला असता तर वर्गाला फक्त पाटी उरली असती.

खिडकीजवळचं टेबल मास्तरांचं. त्यांच्या डाव्या हाताला पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली आणि शेवटी हाताला कंप सुटला. समोर हेडबाई. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून कुणी कोपर टेबलावर ठेवलं की त्यांचा चमचा फटकन त्यावर बसतो.

मास्तरांचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर खोली. रेडीमेड कपडे आले आणि दुकान बसलं. त्यावर मास्तर दिवसातून एकदा तरी बोलायचेच. "रेडीमेड म्हणजे कपडा नव्हे, पोतं! माझ्या अंगाला आजवर रेडीमेड दोरा लागलेला नाही. लागणारही नाही. मी मेल्यावर कफनसुद्धा माप घेऊन शिवा!" दुकान बसलं, मग बायको गेली. त्यानंतर वरच्या खोलीत मास्तर चहा आणि बिस्किटांवर आले. ओट्याशी उभं राहून बुडवायचं, खायचं, कप विसळायचा. झालं जेवण! गाल असे आत गेले होते की दाढी करताना वस्तऱ्याला वळण घ्यावं लागे.

केंद्रात आल्यावर तीन महिन्यांत मास्तर भरले. सूप, ब्रेड, अंडं, वाटीभर दही, केळं. आणि मुख्य म्हणजे भांडायला समोर माणसं! पोस्टमनचा हात स्थिरावला. हेडबाईंना घरात सून-नातवंडं होती, पण सगळे आपापल्या वेळेला ताट घेऊन आपापल्या मोबाईलसमोर बसायचे. त्या इथे येऊन दोघांना एकदम रागावू शकत होत्या. त्यांच्या तब्येतीला ते प्रथिनांइतकंच मानवलं.

मग असं काय झालं की मास्तरांना अंडं हातात घेऊन गर्जना करावी लागली?

पोस्टमनचा मेहुणा आडवा आला. तो पलीकडच्या वस्तीतल्या केंद्रात जेवायचा. चांगला भरला. एक दिवस साहेब आले, त्यांनी त्याच्या पोटरीला टेप लावली (म्हाताऱ्याचं अंग भरलं की नाही ते पोटरीवरून कळतं म्हणे), म्हणाले, "अभिनंदन! तुमची प्रकृती सुधारली." दुसऱ्या दिवशी मेहुण्याचं ताट बंद! योजना कुपोषित ज्येष्ठांसाठी, आणि हा तर आता कुपोषित राहिलाच नाही. पुन्हा घरी चहा-ब्रेड. आता तो वाळून काटकी झालाय आणि पुन्हा अर्ज करायच्या लायकीचा व्हायची वाट बघतोय.

"म्हणजे वाळलेला असशील तर ये, जेव," मास्तर कडाडले. "जेवून भरलास की चालता हो, नीट वाळ, मग परत ये! अहो, कोंबडीलासुद्धा इतकं फसवत नाहीत. ती भरली की कापतात, परत वाळायला सोडत नाहीत!"

"आणि सोमवारी ते साहेब आपल्याकडे येतायत," पोस्टमन हळूच म्हणाले. "मोजायला."

तेवढ्यात आहारताई आली. पोरगी चांगली. मनापासून शिकवायची. म्हातारपणी स्नायू कसे झिजतात, तोंडाची चव गेली तरी अन्न का सोडायचं नाही, तहान लागत नसली तरी पाणी का प्यायचं, सगळं चित्रं काढून सांगायची. तिच्या हातात खडू होता आणि मागे फळ्यावर एक पोटरी काढलेली होती, जी हेडबाईंच्या मते दुधी भोपळ्यासारखी दिसत होती.

"आजी-आजोबा, सोमवारी साहेब येतायत," ती म्हणाली. "तर एक महत्त्वाचं सांगायचंय. यावेळी नियम—"

"नियम!" मास्तर उठलेच. "पोरी, नियमाचं तू आम्हाला सांगू नकोस! नियम आम्हाला ठाऊक आहे!"

"मास्तर, ऐका तरी—"

"तू ऐक! तुझा दोष नाही, तू पगारी आहेस. पण वर सांग जाऊन. आम्ही म्हातारे आहोत, मूर्ख नाही!"

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. आहारताईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शनिवारी तिने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हाही मास्तरांनी दुसरं भाषण ठोकलं, त्यालाही टाळ्या पडल्या. टाळ्यांची चटक वाईट. दुकानात कुणी टाळ्या वाजवत नाही. पँट बरोबर बसली की गिऱ्हाईक गप्प बसतं, नाही बसली की बोलतं.

आणि तोवर मास्तरांची योजना शिजली होती.

"दोन गोष्टी," त्यांनी टेबलावर वाकून कुजबुजायला सुरुवात केली. मास्तरांची कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत पोचते, ती गोष्ट वेगळी. "पहिली, कपडे. माणूस बारीक कशाने दिसतो? ढगळ कपड्याने! गळा सैल केला की मान पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसते. सगळ्यांनी आज संध्याकाळी कपडे माझ्याकडे आणायचे. शिवणीच्या आत शिल्लक कापड असतं, ते सगळं सोडतो. जिथे नसेल तिथे जोड लावतो."

"आणि टेप?" हेडबाईंनी विचारलं. "साहेब ताईचीच टेप घेऊन पोटरी मोजणार. पोटरी कशी सैल करणार?"

मास्तर हसले. आयुष्यात एकदाच येतं असं हसू. त्यांनी खिशातून एक पिवळी, मळकी, मुडपलेली टेप काढली.

या टेपेला इतिहास होता. जुनी कापडी टेप ओढून ओढून लांबते. आकडे एकमेकांपासून दूर सरकतात. मग घेर कितीही भरलेला असो, टेप म्हणते, कमी! याच टेपेने मास्तरांनी एका नवरदेवाचा कोट बेतला होता. मुहूर्ताच्या वेळी त्याने श्वास घेतला आणि बटण उडून थेट सासऱ्याच्या चष्म्यावर! त्या दिवशी मास्तरांच्या बायकोने ही टेप हिसकावून घेतली आणि दुधाच्या कपाटाचं दार बांधायला वापरली. बायको गेल्यावर दार उघडंच राहायचं. टेप मास्तरांच्या खिशात आली.

"ताईच्या टेपेसारखीच दिसते," पोस्टमन म्हणाले.

"दिसते नव्हे, उद्यापासून तीच ताईची टेप!"

रविवारी केंद्र उघडं असतं. आहारताई फळ्याकडे तोंड करून कडधान्यं काढत होती. मास्तरांनी तिच्या टेबलावरची टेप उचलली, खिशात टाकली आणि आपली तिथे ठेवली. इतक्या सफाईने की हेडबाईंनी, ज्यांनी उभ्या हयातीत कॉपी करणारं एक पोर सुटू दिलं नव्हतं, मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "काय हा उन्हाळा!" बाहेर ढग होते.

सोमवार उजाडला. हॉलमध्ये अशी माणसं जमली की जणू तिथे कपडे जेवायला आलेत! एका आजोबांच्या शर्टात अजून एक आजोबा मावले असते. हेडबाईंचा झगा तंबूसारखा फुगला होता. त्यात त्या चालायला लागल्या की आधी झगा निघायचा, मागून हेडबाई. मास्तरांनी स्वतःच्या पँटलाही सोडलं नव्हतं. कमरेला दोरी बांधून ती कशीबशी उभी होती.

"सूचना!" मास्तर फिरत होते. "खोकायचं. हळू चालायचं. कुणी हसायचं नाही. आणि अंडं आलं की झडप घालायची नाही, आधी त्याच्याकडे दुःखाने बघायचं!"

साहेब आले. बूट चकचकीत, पोट पुढे, मागे फाईल घेतलेला कारकून. त्यांना बसायला खुर्ची दिली, ती हेडबाईंनी थरथरत दिली. थरथर इतकी चांगली जमली की हेडबाईंना स्वतःचाच अभिमान वाटला आणि त्या जरा जास्तच थरथरल्या. पोस्टमनला सांगितलं होतं, हात थोडा हलव. त्यांनी दोन्ही हात हलवले. हातात सूप होतं. सूप साहेबांच्या बुटांवर!

"अरेरे," साहेब म्हणाले. "फारच अशक्तपणा."

मास्तरांनी डोळा मारला. जमतंय!

साहेबांचा कुणावर विश्वास नव्हता. त्यांनी टेबलावरची टेप स्वतः घेतली आणि एकेकाला पाय पुढे करायला लावलं. पोटरीला टेप गुंडाळली, आकडा वाचला, कारकुनाने जुना आकडा वाचला. कमी. पुढचा. कमी. पुढचा. कमी! साहेबांचा चेहरा आधी गंभीर झाला, मग लाल, मग त्या लालवर अजून एक लाल चढला. आहारताई खडूसारखी पांढरी पडली.

"ताई," साहेब उभे राहिले. "ही माणसं आली तेव्हा यापेक्षा भरलेली होती. तीन महिने तुम्ही यांना जेवू घालताय म्हणता, आणि हे वाळतायत? इथे जेवण देता की काढून घेता?"

"साहेब, मला कळत नाही. मी स्वतः..."

"मला कळतंय! अंडी कुठे जातात?"

स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. केंद्राचा स्वयंपाक त्याच करत, आणि सगळे म्हातारे त्यांना वहिनी म्हणत, कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मला बाई म्हणाल तर सूप पातळ मिळेल." त्यांच्या हातात पळी होती.

"कोण म्हणतो अंडी जातात? अंडी यांच्या पोटात जातात!"

"पोट कुठाय?" साहेब ओरडले. "मला तर नुसते कपडे दिसतायत!"

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं आणि सूचना आठवून खोकलं.

"कुलूप लावा," साहेब कारकुनाला म्हणाले. "आत्ता. स्वयंपाकघर सील. चौकशी होईपर्यंत हिलाही घरी बसवा आणि ताईंनाही."

वहिनींच्या हातातली पळी खाली आली. तिच्यातून सूपचा एक थेंब जमिनीवर पडला. त्यांचं घर या पळीवर चालायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी खोकलं नाही आता.

आहारताई मात्र फिरली. साहेबांकडे नाही, मास्तरांकडे! डोळ्यांत पाणी आणि आवाजात आग. "मास्तर! किती वेळा सांगायला आले मी? नियम बदललाय! वर भांडून भांडून बदलून घेतलाय मी! सुधारलेल्यांना आता काढायचं नाही, केंद्र कायम ठेवायचं. अट एकच होती, जेवणाने माणसं सुधारली हे आज दिसलं पाहिजे. हेच सांगत होते मी! तुम्ही बोलू दिलंत का मला? एकदा तरी?"

हेडबाई मास्तरांकडे असं बघत होत्या की सत्तरीतल्या माणसालाही बाकावर उभं राहावंसं वाटावं.

आणि मास्तर खुर्चीवर उभे राहिलेच!

"थांबा!" ते गरजले. "कुलूप कुणी लावायचं नाही. साहेब, टेप खोटी आहे!"

"सरकारी टेप खोटी?"

"ही सरकारी नाहीच. ही माझी. तीस वर्षं ओढलेली, हिने नवरदेव उघडे पाडलेत! तुमची खरी टेप माझ्या खिशात आहे. बघायचीय? बघा!"

मास्तरांनी खिशात हात घातला. पण मास्तरांनी पँट एवढी सैल केली होती की खिसा गुडघ्याशी गेला होता. हात आत गेला, कोपर आत गेलं, मास्तर वाकले, टेप बोटाला लागली, त्यांनी विजयाने हिसका दिला, कमरेची दोरी सुटली आणि पँट एका झटक्यात खुर्चीवर!

आज्यांनी डोळे झाकले. बोटांमधून बघितलं.

दुसरा कुणी असता तर पँट वर ओढली असती. मास्तर तसे नव्हते. रागात असलेल्या माणसाला लाज वाटायला वेळ लागतो, आणि मास्तरांना तेव्हा वेळ नव्हता.

"आता उतरलीच आहे तर बघाच!" चड्डीवर उभे मास्तर पाय आपटत ओरडले. "ही पोटरी बघा! काटकी आहे ही? वहिनींची अंडी आहेत ही, साहेब! या पोरीचे वर्ग आहेत! मोजा. घ्या खरी टेप, मोजा!"

साहेबांनी मोजली. पुन्हा मोजली. कारकुनाने जुना आकडा वाचला. साहेबांनी मान वर केली.

"वाढलीये," ते म्हणाले.

"वाढणारच!"

मग तोंडावर पाणी मारल्यासारखा सगळा हॉल जागा झाला. पँटचे पाय वर गेले, झगे घोट्यावरून सरकले, "मला मोजा, मला मोजा" म्हणत रांग लागली. पोस्टमन स्वयंपाकघरात गेले आणि काठोकाठ भरलेली सूपची वाटी घेऊन आले. दारापासून साहेबांपर्यंत, एकटे. एक थेंबही न सांडता त्यांनी ती साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मघाशी बुटांवर सांडलं ते नाटक होतं. बूट फार चकचकीत होते, म्हणून हात सुटला."

साहेबांनी वाटी घेतली. मग विचारलं, "पण आजोबा—"

"मास्तर म्हणा."

"मास्तर, हा उपद्व्याप कशासाठी? बरी माणसं आजारी असल्याचं सोंग का करतात?"

"कारण आजवर तुम्ही बरं झालेल्याला हाकलत आलात!" मास्तर अजून खुर्चीवरच होते. "घरी मी ओट्याशी उभ्याने खातो. बसून खाल्लं तर समोर रिकामी खुर्ची असते. इथे त्या खुर्चीत या हेडबाई असतात. दिवसभर टोकतात, पण असतात! उद्या नियम परत फिरवून पोटरी भरली म्हणून मला इथून उठवलंत, तर सांगून ठेवतो, मी रोज येऊन दारात बसेन. उपाशी. योजनेच्या जाहिरातीच्या फोटोत दिसेल असा!"

हेडबाईंनी चष्मा पुसला. "कोपर टेबलावर नको" असं त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या.

साहेबांनी सूप प्यायलं. सगळं. वाटी वहिनींकडे दिली आणि कारकुनाला म्हणाले, "कुलूप परत घ्या." आणि आहारताईला, "मोजणी पुन्हा करा. खऱ्या टेपेने. आणि या मास्तरांची पँट वर येण्याआधी एक फोटो घ्या. वर पुरावा लागतो."

आहारताईने हसत हसत फोटो घेतला. मास्तर छाती काढून उभे राहिले. कुठे, कसे, कशात उभे आहेत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

केंद्र राहिलं. कायमचं! वहिनी, आहारताई, खिडकीजवळचं टेबल, सगळं जागच्या जागी. ढिली टेप हेडबाईंनी जप्त केली आणि त्याच टेपेने 'शांतता राखा'चं कपाट बांधून टाकलं. मास्तरांनी आठवडाभर सगळ्यांच्या कपड्यांना पुन्हा शिवण मारली आणि प्रत्येकाला ऐकवलं की सरकारला कसं नमवलं. दुसऱ्या आठवड्यातही ऐकवलं. तिसऱ्यात त्यात साहेब रडले होते.

मग एक दिवस भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर आलं. म्हणे सगळ्याच केंद्रांत लागलंय, दवाखान्यात, बसथांब्यांवरसुद्धा! वर मोठ्या अक्षरांत 'योग्य आहार, भक्कम पाय' आणि खाली खुर्चीवर मास्तर. छाती पुढे, हात कमरेवर, पँट घोट्याशी.

"वा!" मास्तर म्हणाले. "बघा, पोटरी कशी आलीये! लाज कसली? म्हातारा काय फक्त शालीतच दिसायला हवा? बघू दे सगळ्या जगाला!"

हेडबाई पोस्टरजवळ गेल्या. चष्मा नाकावर खाली घेतला. मग वर घेतला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "चड्डीच्या पट्ट्यावर हे ठळक अक्षरात काय लिहिलंय?"

पोस्टमन पुढे सरकले. आयुष्यभर पत्ते वाचलेला माणूस. त्यांनी अक्षरं लावली आणि त्यांचा कंप परत आला, पण हसण्याने.

"कंपनीचं नाव आहे!" ते ओरडले. "रेडीमेड! मास्तर, तुमची चड्डी रेडीमेड आहे!"

हॉल शांत झाला. वाचनालय बंद झाल्यापासून पहिल्यांदा त्या पाटीचं कुणीतरी ऐकलं. तीस माथी मास्तरांकडे वळली. वहिनी पळी घेऊन दारात आल्या.

मास्तरांनी अंडं उचललं, ठेवलं. मग फळ्यासमोर उभ्या असलेल्या आहारताईकडे ते वळले आणि सगळ्या आयुष्यात कुणाशी बोलले नसतील इतक्या गोड आवाजात म्हणाले,

"पोरी, तुझं ते प्रथिनांचं राहिलंय ना सांगायचं? सांग की. आज मी एक अक्षर बोलणार नाही!"